ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: चेंबर खोलून ऑइल बदलणं वेगळं, मशीननं फ्लश करणं वेगळं

"ऑटोमॅटिकचं ऑइल बदललंय" असं पुण्यातल्या गॅरेजमधून सांगतात, तेव्हा दोनपैकी कोणतं काम झालं हे विचारून घ्यायला हवं. दोन्हींत जुनं ऑइल जाऊन नवं येतं, पण गिअरबॉक्सच्या वाट्याला सारखं काही येत नाही.

पहिल्या कामात गिअरबॉक्सखालचं चेंबर उतरवतात. जुनं ऑइल गळतं, फिल्टर आणि पॅकिंग नवं बसतं, आणि निघालं तेवढंच ऑइल परत भरतात. अडचण अशी की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांमधलं ऑइल तिथेच राहतं. समजा एका वेळी ४० टक्के बदललं, तर ६० टक्के जुनं उरलं. पुन्हा तसंच केलं की ३६ टक्के, तिसऱ्यांदा साधारण २२. म्हणून थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा ड्रेन करण्यात अर्थ आहे. दुसऱ्या वेळी फिल्टर बदलायची गरज नसते.

फ्लशमध्ये मशीन कूलरच्या नळीला जोडतात. इंजिन चालू ठेवलं की गिअरबॉक्सचाच पंप जुनं ऑइल बाहेर टाकतो आणि मशीन नवं आत सोडतं. जवळजवळ सगळं ऑइल बदलतं. त्यासाठी गिअरबॉक्सच्या क्षमतेपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळे बिल वाढतं. आणि चेंबर उघडलंच नाही तर आतला फिल्टर जुनाच राहतो.

माझं मत चेंबर खोलण्याच्या बाजूनं आहे, आणि कारण फक्त फिल्टर नाही. चेंबरच्या तळाशी चुंबक असतात. त्यांवर करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती रोजची झीज समजावी. लोखंडाचे कंगोरेदार तुकडे मिळाले तर ऑइल भरण्याआधीच थांबून विचार करावा. गिअरबॉक्सच्या तब्येतीचा हा पुरावा नुसत्या फ्लशमध्ये कुणी पाहतच नाही.

"फ्लश केलं की गिअरबॉक्स निकामी होतो" ही भीती बऱ्याचदा उलट्या क्रमातून आलेली असते. गाडी आधीच झटके देत असते, रेस वाढते पण गाडी ओढत नाही, मग मालक फ्लश करायला येतो. जळालेल्या क्लच प्लेटना नवं ऑइल अस्तर देऊ शकत नाही. सेकंडहँड घेतलेल्या, आधीचा हिशोब माहीत नसलेल्या गाडीला मी आधी चेंबरच खोलायला सांगेन. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीत फ्लश करायचाच असेल, तर त्याच वेळी फिल्टरही बदलावा.

गाडीच्या कंपनीनं 'लाइफटाइम ऑइल', म्हणजे कधीच बदलायला न लागणारं, म्हटलं असलं तरी, बीएमडब्ल्यूमध्ये येणारा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. त्या बॉक्सचं चेंबर प्लास्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच असतो, म्हणजे पूर्ण चेंबरच बदलावं लागतं. हिंजवडीच्या रांगेत इंच-इंच सरकणाऱ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत उष्णता करतो आणि कूलरला वारा मिळत नाही. तिथे किलोमीटर कमी दिसले तरी ऑइल लवकर म्हातारं होतं. तपकिरी रंग आणि जळका वास आला तर आकडा पूर्ण व्हायची वाट पाहू नये.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल बॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते; तिथे यातलं काही लागू नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, तिचंच ऑइल लागतं. त्यात साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) कधीच घालू देऊ नये.

दोन्ही कामांत शेवटी लेव्हल नीट बघायलाच हवी. बऱ्याच गाड्यांत ती सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आल्यावरच बघायची असते. तापमान वाचणारा स्कॅनर न लावता, अंदाजानं झाकण बंद करणाऱ्याला तिथेच थांबवा. बिलावर फिल्टर, पॅकिंग, ऑइलचा ग्रेड आणि लिटर वेगवेगळे लिहून घ्या. फिल्टरची ओळ नसेल तर जुना फिल्टर दाखवायला सांगा.