खडकवासल्याची सुट्टी आणि पालकांची सही

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, सैन्याचे भावी अधिकारी घडवणारी. तिथे निवड झाल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटून होतात आणि मग दोन प्रश्न निघतात. पोरगं घरी कधी येणार? आणि हे एवढे कागद कशाचे? वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण मागे जाऊन पाहिले तर दोन्ही एकाच गाठीपाशी येऊन थांबतात. तिथे शिकणाऱ्याला आपली वर्तमानपत्रे 'छात्र' म्हणतात. हा छात्र कायद्याने नेमका कोण, हे प्रबोधिनी सुरू झाल्यापासून आजवर नीट ठरलेले नाही.

फार जुना काळ थोडक्यात सांगून पुढे जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी तरुणांना अधिकारी होण्यासाठी इंग्लंडची वाट उघडली. ती मोजक्याच घरांना परवडणारी होती. १९२२ मध्ये डेहराडूनला त्यासाठी पूर्वतयारीची शाळा निघाली आणि १९३२ मध्ये तिथेच अधिकारी घडवणारी संस्था सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात माणसे इतकी लागली की घराणे पाहून निवड करणे सरकारला परवडेना. तेव्हा मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामे आणि मुलाखत अशी पद्धत आली. आज मुले ज्या पाच दिवसांच्या मुलाखतीला धास्तावतात, तिची घडण त्या घाईतली आहे.

तिन्ही दलांचे प्रशिक्षण एकत्र असावे, अशी शिफारस डिसेंबर १९४६ च्या अहवालात झाली. सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले होते. त्यातला भारताचा वाटा खडकवासल्याच्या मुख्य इमारतीला लागला, म्हणून तिच्या नावात आजही सुदान आहे. जागा निश्चित झाली, ६ ऑक्टोबर १९४९ ला कोनशिला बसली. पण प्रशिक्षण बांधकामासाठी थांबले नाही. जानेवारी १९४९ मध्येच डेहराडूनला पहिली तुकडी दाखल झाली होती. डिसेंबर १९५४ मध्ये सगळे बिऱ्हाड खडकवासल्याला हलले आणि १६ जानेवारी १९५५ ला रीतसर उद्घाटन झाले.

सुट्टीचे कोडे तुकड्यांच्या क्रमांकात उलगडते. जानेवारी १९४९ ची तुकडी पहिली, २०२२ च्या जुलैतली १४८ वी. हिशेब करून पाहा, दर सहा महिन्यांनी एक, आकडा कुठेही चुकत नाही. मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एक तुकडी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडते, जुलै आणि जानेवारीत नवी येते. या दोन्हींच्या मधली फट म्हणजे छात्राची मोठी सुट्टी. महाविद्यालयाच्या पंचांगाशी तिचा संबंध नाही आणि सैन्यातल्या रजेशीही नाही. अधिकारी झालेल्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि २० दिवसांची नैमित्तिक रजा नियमात नोंदलेली असते. ती अर्ज करून, गरज दाखवून घेता येते. छात्राला असा रजेचा हिशेबच नसतो. सत्र संपले की सगळे एकदम घरी आणि सत्र सुरू होताना सगळे एकदम हजर. घरात कुणाचे फार गंभीर दुखणे किंवा मृत्यू झाला, तर ती वेगळी गोष्ट.

आपल्याकडच्या घरांना हे जड जाते, कारण गणपती आणि दिवाळी दोन्ही जुलै ते नोव्हेंबरच्या सत्रात सापडतात. सत्राच्या मध्यावर काही दिवस मोकळे मिळतात, ते सणाला जुळले तर नशीब. माझा पुतण्या तिथे असताना त्याच्या बहिणीचे लग्न ठरले. व्याह्यांना फेब्रुवारीचा मुहूर्त हवा होता. भाऊ कॅलेंडर घेऊन बसला आणि आषाढीच्या आधी जूनमध्ये उरलेल्या तीन तारखांवर त्याने पेन्सिलने गोल काढले. त्यातली एक शेवटी मान्य झाली. पोरगा हळदीच्या आदल्या संध्याकाळी घरात शिरला.

रविवारच्या बाहेर पडण्याला तिथे 'लिबर्टी' म्हणतात. तीही हक्काची नसते. पहिल्या सत्रात ती सहजी मिळत नाही आणि शिक्षा झाली की आधी तीच जाते. पुण्यात राहणाऱ्या आईवडिलांना वाटते, पंधरा-वीस किलोमीटरवर तर आहे, दर रविवारी भेटू. तसे होत नाही. पुण्यातली आई आणि नागालँडमधली आई पहिले काही महिने सारख्याच अंतरावर असतात.

प्रवेशाच्या वेळापत्रकातही हाच सहा महिन्यांचा ठोका आहे. सप्टेंबरच्या एनडीए परीक्षेतून निवडलेली मुले पुढच्या जुलैत जातात, एप्रिलच्या परीक्षेतली पुढच्या जानेवारीत. बारावीत असताना सप्टेंबरची परीक्षा दिली तर मुलाखत नेमकी बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येते. एप्रिलची दिली तर जूनपासून डिसेंबरपर्यंत मुलगा अधांतरी. बहुतेक पालक तेवढ्यापुरता कुठेतरी प्रवेश घेऊन ठेवतात, फी भरतात आणि जानेवारीत ती सोडून देतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची, मुलाखतही ९०० गुणांची, त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. २०२० मध्ये साथीमुळे एप्रिलची परीक्षा पुढे गेली आणि ६ सप्टेंबरला दोन्ही परीक्षा एकत्र झाल्या. तुकड्या मात्र दोनच राहिल्या.

आता त्या कागदांकडे येऊ. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच विषयावर.

मूल दाखल होण्याआधी पालकाला दोन ठिकाणी सही करावी लागते. एक बंधपत्र असते. मुलाने स्वतःच्या कारणाने प्रशिक्षण अर्धवट सोडले किंवा शेवटी अधिकारपद नाकारले, तर प्रशिक्षणाचा खर्च पूर्ण किंवा काही अंशी परत करायचा. हे समजण्यासारखे आहे. दुसरे असते प्रमाणपत्र. प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला इजा झाली, अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला, तर सरकारकडे भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क नाही हे मला पूर्ण समजले आहे, अशा आशयाचे. भावाने ते दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले. वहिनीने विचारले तेव्हा तो फक्त "नेहमीचंच असतं" म्हणाला आणि त्याने सही केली.

हे प्रमाणपत्र का लागते? कारण छात्र अजून सैन्यात नाही. शिपाई म्हणून भरती झालेला जवान नाव नोंदले त्या दिवसापासून सैन्य कायद्याखाली येतो. छात्राची नोंदणी नाही आणि अधिकारपद अजून वर्षे दूर. खडकवासल्याच्या तीन वर्षांत वेतन नसते, विद्यावेतनही नसते. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश, औषधपाणी सरकारचे आणि खिशाला लागणारा किरकोळ खर्च पालकांचा. शेवटी पदवी विद्यापीठाची मिळते. म्हणजे खर्चाच्या वहीत तो विद्यार्थी, परेडच्या मैदानावर सैनिक, आणि मणका दुखावला की पुन्हा विद्यार्थी. प्रशिक्षणाचे ठरावीक दिवस बुडाले की सत्र पुन्हा करावे लागते. त्याला तिथे 'रेलिगेशन' म्हणतात. दुखापत त्याहून मोठी असली तर वैद्यकीय मंडळ बसते आणि मुलगा घरी येतो. घरी आलेल्याला मिळणारी रक्कम 'सानुग्रह' असते, पेन्शन नसते. 'सानुग्रह' म्हणजे कृपेने दिलेले. या एका शब्दाने माजी सैनिकाचा दर्जा जातो आणि त्याच्यामागून येणाऱ्या सवलतींचे दार बंद होते.

दुसरी बाजूही आहे आणि ती मांडायला हवी. अधिकारपद मिळण्याआधी प्रत्येक छात्राला सैनिक मानले, तर त्याला सैन्याचा कायदा, शिक्षा आणि सेवेची अट हे सगळे लागू होईल. सतराव्या वर्षी 'मला हे जमत नाही' म्हणून परतण्याची मोकळीक मग कमी होईल. युक्तिवाद खरा आहे. पण त्यासाठी जखमी मुलाचा हक्कच काढून घ्यावा लागतो, हे मला कधीच पटलेले नाही.

या प्रश्नाला दोन अलीकडच्या घटनांनी धार आली. वैद्यकीय सेवा सोडल्या तर मुलींना पूर्वी पदवीनंतरच, १९९२ पासून, अधिकारी होण्याची वाट होती. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्यांना ही परीक्षा खुली झाली. सरकारने मे २०२२ पर्यंत वेळ मागितला. न्यायालयाने तो दिला नाही आणि १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेला मुली बसल्या. १९ जागा होत्या. ३० मे २०२५ ला १४८ व्या तुकडीतून १७ जणी बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी पूर्वतयारी संस्था निघाली. छत्रपती संभाजीनगरची मुलांची संस्था १९७७ पासूनची. आता ते प्रमाणपत्र मुलींचे आईबापही वाचतात, आणि प्रश्न विचारणारी घरे वाढली.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून सुमारे ५०० छात्र वैद्यकीय कारणाने प्रशिक्षणातून बाहेर पडले, असे त्या बातमीत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे दवाखान्याचे दार उघडले. दर्जा त्या निर्णयाने बदललेला नाही.

बंधपत्र आणि प्रमाणपत्र दोन्हींची अट २०२५ च्या परीक्षेच्या जाहिरातीतही जशीच्या तशी होती, जाहिरातीच्या शेवटाकडे, अभ्यासक्रम आणि शारीरिक निकषांनंतर. मुले अभ्यासक्रमापर्यंत वाचतात. पुढची पाने पालकांनी वाचावीत, तीही फॉर्म भरण्याआधी.