बेदाण्याच्या झटपट पावातले आम्ल आणि अल्कली

यीस्टशिवाय, मिश्रण कालवल्यापासून तास-सव्वा तासात तयार होणारा बेदाणे-अक्रोडाचा पाव फुगतो की दडस राहतो, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: खायच्या सोड्याला पुरेसे आम्ल मिळाले की नाही. पाव बसला की बहुतेक घरांत पुढच्या वेळी सोडा वाढवला जातो. माझ्या मते हा उपाय जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो, कारण कमतरता सोड्याची नसून दह्याची असते.

यीस्ट साखरेवर जगून सावकाश वायू सोडते. इथे तेच काम सोडियम बायकार्बोनेट काही मिनिटांत करते. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाशी गाठ पडली की सोड्याच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. आम्ल नसेल तर सोडा नुसत्या उष्णतेनेही विघटित होतो, पण तेव्हा दोन रेणूंमागे वायूचा एकच रेणू मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, उरतो. पावाला येणारी साबणासारखी चव त्याचीच असते. अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे २.५ ग्रॅम सोडा आम्लासोबत पूर्ण वापरला गेला, तर पाऊण लिटरच्या आसपास वायू सुटतो. त्यातला बराचसा निसटून गेला तरी २५० ग्रॅम कणकेच्या पावाला तो पुरतो. एवढ्या सोड्याला साधारण २५० ग्रॅम आंबट दही लागते. ताजे, गोड दही चालत नाही. बेकिंग पावडरमध्ये कोरडे आम्ल आधीच मिसळलेले असते. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी अशी पावडर तयार केली होती. अशा पावडरीत वापरले जाणारे क्रीम ऑफ टार्टर हे द्राक्षांतल्या टार्टरिक आम्लाचे क्षार असून ते वाइनच्या पिंपांच्या तळाशी साचते.

आम्ल पुरले की नाही, हे ओळखण्याचे साधन सांगलीकरांच्या स्वयंपाकघरात आयतेच आहे. हळदीतले कर्क्युमिन आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळे राहते, अल्कलीत मात्र लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे, आणि सोडा नीट न मिसळलेल्या ढोकळ्यावर लाल ठिपके उमटतात तेही याचमुळे. मिश्रणात चिमूटभर हळद घालावी आणि पाव निवल्यावर कापलेली चकती उजेडात पाहावी. गुळामुळे ती तपकिरी दिसली, तर तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाकावेत: तिथला विटकरी रंग लगेच पिवळटाकडे वळला, तर सोडा उरलेला होता, असे खुशाल समजावे.

कालवण्याची घाई आणि संयम दोन्ही इथे लागतात. दही पडताच वायू सुटू लागतो, त्यामुळे ओव्हन आधी १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावा, कणीक आणि सोडा एकत्र चाळून घ्यावा, आणि दही, ६० मिलिलिटर तेल व १२५ ग्रॅम किसलेला गूळ वेगळ्या भांड्यात एकजीव करावा. दोन्ही एकत्र केल्यावर कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. जास्त घोटले तर गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या प्रथिनांचे ग्लुटेन घट्ट होते. पोळीला ते हवेच असते, पण या पावाला त्याने चिवटपणा येतो आणि आत लांबट पोकळ्या पडतात.

आता बेदाणा. सांगली-तासगावकडच्या शेडमध्ये द्राक्षांना डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून त्यांच्या सालीवरचा मेणाचा थर कमकुवत केला जातो आणि मग ती जाळ्यांवर सावलीत वाळवली जातात. अशा बेदाण्यात पाणी साधारण १५ टक्केच उरते आणि साखर भरपूर असते, म्हणून कोरडा बेदाणा शेजारच्या पावातले पाणी ओढून घेतो आणि त्याच्याभोवतीचा भाग शुष्क होतो. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, निथळून, फडक्याने टिपून घेतला की हा दोष जातो. तो तळाशी का बसतो, याचे उत्तर मात्र तापमानात आहे. ओव्हनमध्ये गेल्यावर मिश्रण आधी पातळ होते. कणकेतला स्टार्च पाणी शोषून ते घट्ट करतो ते नंतर, आणि गुळातली साखर ही क्रिया आणखी लांबवते. बेदाणा बुडतो तो या मधल्या काळात. बुडण्याचा वेग साधारणतः व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून मोठे बेदाणे चिरून घातल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा त्यांना पीठ चोळून पडत नाही. १०० ग्रॅम बेदाणे आणि ५० ग्रॅम अक्रोड या प्रमाणाला पुरेसे आहेत. अक्रोड आधी हलके भाजून घ्यावेत.

पन्नास मिनिटे ते तासाभरात गाभा ९५ अंशांच्या पुढे जातो आणि मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघते. माथ्यावर पडणारी भेग हा दोष नव्हे: वरचा पापुद्रा आधी कडक होतो आणि आतला गाभा नंतरही फुगत राहतो. हाच पाव महाबळेश्वरला करायचा असेल, तर सोडा थोडा कमी घ्यावा. तिथे, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब सांगलीपेक्षा कमी असल्याने तेवढाच वायू जवळपास एक दशांश अधिक जागा व्यापतो, आणि गाभा घट्ट होण्याआधीच बुडबुडे फुटून पाव मध्यभागी खचतो.

गरम पाव कापण्याचा मोह आवरावा. निवताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो, आणि डब्यात रात्रभर ठेवल्यावर बेदाण्यातला ओलावा गाभ्यात पसरतो. दुसऱ्या दिवशी चकत्या न मोडता निघतात.