वन्यप्राण्यांची चांदीची नाणी

वन्यप्राण्यांची चांदीची नाणी म्हणजे एखाद्या देशाने अधिकृतपणे काढलेली, किंमत छापलेली पण खर्चायला नाही तर जपून ठेवायला घेतली जाणारी नाणी, ज्यांच्या एका बाजूला त्या देशाचा स्वतःचा, शक्यतो दुसरीकडे न सापडणारा प्राणी किंवा पक्षी असतो. कोल्हापुरात हे आधीच सांगावं लागतं कारण धनत्रयोदशीला गुजरीत आपण जे लक्ष्मीचं नाणं घेतो ते खरं नाणं नसतंच, त्यावर कुठल्या सरकारची किंमत नसते, ते चांदीचं पदक. हुपरीचा कारागीर तेवढंच सुबक, कदाचित जास्तच सुबक काम करून देईल, पण नाणं काढायचा हक्क फक्त सरकारचा.

या छंदाला जोर आला तो १९७४ पासून, जेव्हा वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांची प्राण्यांची नाणी निघाली. प्रूफ नाणी, म्हणजे संग्रहासाठी खास चकाकी देऊन पाडलेली, २८.२८ आणि ३५ ग्रॅमची, चांदी ९२.५ टक्के. त्यातलं नेपाळचं नाणं हातात घेऊन बघाच! २५ रुपयांवर डांफे हा नेपाळचा राष्ट्रीय पक्षी, ५० रुपयांवर रेड पांडा, अक्षरं आपल्याच देवनागरीत आणि साल चक्क २०३१, म्हणजे विक्रम संवत, पण पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो. इंडोनेशियाने २००० रुपियावर जावाचा वाघ घेतला आणि तो वाघ आज नामशेष मानला जातो, राहिलं फक्त नाणं. मॉरिशसची गोष्ट उलटी, तिथे आपली मराठी माणसंही आहेत म्हणून ती जास्त जवळची वाटते. १९७५ च्या ५० रुपयांवरचा केस्ट्रेल म्हणजे छोटा शिकारी पक्षी, १९७४ साली रानात जेमतेम चार उरले होते, नंतर माणसांनी अंडी उबवून पिल्लं वाढवली आणि संख्या शेकड्यांत गेली. ही दोन नाणी शेजारी ठेवली की काही बोलावं लागत नाही.

दुसरा प्रकार दरवर्षी निघणाऱ्या नाण्यांचा. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंट या टांकसाळीचा कुकाबुरा १९९० पासून चालू आहे आणि चित्र दरवर्षी बदलतं. हा पक्षी म्हणजे रंकाळ्यावरच्या खंड्याचाच दांडगा भाऊबंद, माणूस हसल्यासारखा ओरडतो, आणि भिंगातून पाहिलं तर पिसं दुधाळ आणि मागची जमीन आरशासारखी दिसते. कोआला २००७ ला आला. चीनचा पांडा चांदीत १९८३ पासून आहे, २०१६ पासून तो ३० ग्रॅमचा केला. कॅनडाने २०११ ते २०१३ मध्ये लांडगा, ग्रिझली अस्वल, कुगर, मूस, प्राँगहॉर्न आणि वुड बायसन असे सहा प्राणी काढले, प्रत्येकी १० लाख.

आपल्याकडेही हे नवीन नाही, पाचव्या शतकात कुमारगुप्ताच्या चांदीच्या नाण्यांवर मोर होता. पुढे २५ पैशांवर गेंडा आला पण तो स्टीलचा, आणि २०११ ला तोही चलनातून गेला. प्रोजेक्ट टायगरच्या ५० वर्षांनिमित्त २०२३ ला ५० रुपयांचं स्मारक नाणं निघालं. मला मात्र मनापासून वाटतं की राधानगरी-दाजीपूरचा गवा आणि आपला राज्यप्राणी शेकरू चांदीत यावा, तेही हुपरीच्या हातून साचा घडून, किंवा हिरण्यकेशीच्या उगमातला २०२० साली नोंद झालेला तो सोनेरी मासा.

विकायचं असेल तर एक लक्षात ठेवा, सराफ टंच बघून चांदीचाच भाव देतो, त्याच्यासाठी कोआला काय नि पांडा काय सारखंच, प्राण्याचे पैसे नाणी जमवणाराच देतो आणि तोही नाणं न घासलेलं असेल तरच. आमच्या घरी पूजेच्या भांड्यांबरोबर एक कुकाबुरा रांगोळीने घासला गेला, पक्षी लख्ख झाला पण पिसांवरचा तो दुधाळपणा कायमचा गेला, आणि वर बारीक ओरखडे. त्यामुळे कडेने धरा, कॅप्सूलमध्ये ठेवा, पीव्हीसीच्या पाकिटात अजिबात नको कारण त्याने हिरवट चिकट थर येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. काही नवीन नाण्यांवर आपोआप पांढरे ठिपके उठतात, त्यात तुमची चूक नसते. खोटं ओळखायला चुंबक लावा, चांदी चिकटत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही, वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता त्यात बुडवा, ३१.१ ग्रॅमचं शुद्ध नाणं जवळपास ३ मिली पाणी सरकवतं म्हणजे काटा ३ ग्रॅमने वाढतो, जास्त वाढला तर आत दुसराच धातू आहे.