जैवमाहितीशास्त्रीय सॉफ्टवेअरचे पॅकेजिंग व वितरण (लिनक्स)

डीएनएचे अनुक्रम जुळवणे, प्रथिनांची तुलना करणे, जातींचे वंशवृक्ष काढणे अशी जीवशास्त्रातील गणनाकामे करणारे प्रोग्रॅम मूळ सोर्स कोडपासून तयार करून, त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नोंद ठेवून आणि चाचणी घेऊन, एका आज्ञेसरशी बसवता येतील अशा स्वरूपात लिनक्सच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम. या क्षेत्रातील बहुतेक साधने युनिक्स पद्धतीच्या टर्मिनलवर चालण्यासाठीच लिहिली जातात आणि मोठी विश्लेषणे लिनक्सच्या सर्व्हरवर किंवा क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) होतात. त्यामुळे हा विषय व्यवहारात लिनक्सशी बांधलेला आहे. डेबियन मेड, बायोकोंडा आणि बायोकंटेनर्स हे त्यातील प्रमुख सार्वजनिक प्रकल्प होत.

अडचणींचे मूळ : वर्ड प्रोसेसर किंवा ब्राउझर पॅकेज करणे आणि अनुक्रम जुळवणारा प्रोग्रॅम पॅकेज करणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा प्रोग्रॅम पुष्कळदा एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने आपल्या शोधनिबंधासाठी लिहिलेला असतो. निबंध छापून आला, विद्यार्थी दुसरीकडे गेला, की कोडकडे पाहणारे कोणी उरत नाही. मात्र प्रोग्रॅम पुढची दहा वर्षे वापरात राहतो. अशा कोडमध्ये सी, पर्ल, पायथन, आर आणि जावा यांची सरमिसळ सर्रास आढळते. दुसऱ्या प्रकल्पाची लायब्ररी, कधी त्यात स्वतःचे बदल करून, आतच चिकटवलेली असते आणि लेखकाच्या होम डिरेक्टरीचा पत्ता एखाद्या स्क्रिप्टमध्ये तसाच राहून गेलेला असतो. कंपाइल करताना ‘याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी’ असा पर्याय दिलेला असेल, तर प्रोग्रॅम लेखकाच्या नव्या संगणकावर वेगाने चालतो आणि क्लस्टरमधल्या जुन्या नोडवर सुरू होताच ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. या साऱ्या गोष्टी एकेक करून शोधणे आणि दुरुस्त करणे हेच पॅकेज करणाऱ्याचे खरे काम आहे. फाइल बांधून देणे हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग म्हणावा लागेल.

आवृत्त्यांचा प्रश्नही इथे अधिक तीव्र असतो. जुळवलेल्या अनुक्रमांच्या फाइली हाताळणाऱ्या सॅमटूल्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनातील ‘सॉर्ट’ ही आज्ञा पूर्वी शेवटी आउटपुट फाइलच्या नावाचा केवळ सुरुवातीचा भाग घेत असे. १.३ या आवृत्तीपासून ती जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली आणि कालपर्यंत चालणारी विश्लेषणाची स्क्रिप्ट आज थांबली, असा अनुभव त्यामुळे अनेक प्रयोगशाळांना आला. प्रोग्रॅम थांबला तर निदान कळते. आवृत्ती बदलल्याने निष्कर्षातील आकडे गुपचूप बदलणे त्याहून वाईट.

डेबियन मेड : इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या स्वयंसेवी लिनक्स वितरणाच्या अंतर्गत, आंद्रेयास टिल्ले यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये डेबियन मेड हा गट उभा राहिला. टिल्ले पुढे, २०२४ मध्ये, संपूर्ण डेबियन प्रकल्पाचे नेते म्हणून निवडून आले. गटाचा आरंभीचा रोख वैद्यकीय व्यवसायाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर होता. तथापि सर्वाधिक वाढ झाली ती जीवशास्त्राच्या शाखेत, कारण दवाखान्यांची सॉफ्टवेअरे मालकीची आणि बंदिस्त असतात, तर जीवशास्त्रज्ञ आपला कोड बहुधा खुला ठेवतात. गटाने वेगळे वितरण काढले नाही. पॅकेजे डेबियनच्या स्वतःच्या भांडारातच जातात. म्हणून उबुंटूसारख्या डेबियनवर आधारलेल्या वितरणांनाही ती आपोआप मिळतात. ‘मेड-बायो’ हे नाममात्र पॅकेज बसवले, की त्याच्या शिफारशीतील जीवशास्त्राची साधने एका दमात यंत्रावर येतात.

डेबियनची शिस्त कडक आहे आणि तिचे परिणाम कधी कधी वापरकर्त्याला बुचकळ्यात टाकतात. प्लिंक या नावाचे एक प्रसिद्ध साधन मानवी जनुकशास्त्रात जनुकीय भेद व रोग यांचा संबंध तपासण्यासाठी वापरले जाते. पुटी या दूरसंपर्काच्या सॉफ्टवेअरसोबतही त्याच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम येतो. वेगवेगळे काम करणारे दोन प्रोग्रॅम एकाच नावाने बसवू नयेत असा डेबियनचा नियम असल्याने, जनुकशास्त्रातील प्लिंकला तिथे निराळे नाव घ्यावे लागले. शोधनिबंधातील आज्ञा जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे ‘अशी आज्ञा नाही’ असे उत्तर मिळते, किंवा त्याच्या यंत्रावर पुटी असेल तर भलताच प्रोग्रॅम सुरू होतो. नियम योग्यच आहे; पण तो समजावून सांगण्याची जबाबदारी शेवटी पॅकेजच्या माहितीपत्रकावर येऊन पडते.

परवान्यांची छाननी हा शिस्तीचा दुसरा भाग होय. ‘शैक्षणिक वापरासाठी मोफत’ अशी अट असलेले सॉफ्टवेअर डेबियनच्या व्याख्येनुसार मुक्त ठरत नाही आणि मुख्य भांडारात येऊ शकत नाही. वंशवृक्ष काढणारा फायलिप हा जुना प्रोग्रॅमसंच अशाच अटीमुळे बराच काळ ‘नॉन-फ्री’ विभागात पडून होता, ३.६९६ या आवृत्तीपासून त्याचा परवाना खुला झाला. बहुअनुक्रम जुळणी करणाऱ्या क्लस्टल डब्ल्यूची वाटचालही जवळपास अशीच झाली. परवाना बदलण्याची विनंती करणारी पत्रे लेखकांना लिहिणे, हे काम तांत्रिक नसले तरी या गटाच्या सदस्यांचा बराच वेळ त्यात जातो.

तिसरा भाग प्रोसेसरांच्या विविधतेचा. डेबियन एकच सोर्स कोड इंटेल व एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांबरोबरच आर्म, पॉवरपीसी आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवरील एस३९० अशा अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी कंपाइल करते. अनुक्रम जुळवणारे प्रोग्रॅम वेग मिळवण्यासाठी इंटेलच्या एसएसई किंवा एव्हीएक्स या खास सूचना थेट कोडमध्ये वापरतात, आणि त्या आर्मवर अस्तित्वातच नसतात. यावर डेबियन मेडने सिम्डी या लायब्ररीचा वापर पद्धतशीरपणे केला. ती इंटेलच्या सूचनांचे इतर प्रोसेसरांवर रूपांतर करून देते. त्यामुळे जीनोमशी अनुक्रम जुळवणाऱ्या बीडब्ल्यूएसारखी साधने लेखकांनी कल्पनाही न केलेल्या यंत्रांवर चालू लागली. इंटेलच्या घरातही प्रश्न होताच. डेबियनच्या ६४-बिट आवृत्तीत केवळ एसएसई२ गृहीत धरता येते, म्हणून काही साधनांच्या अनेक प्रती कंपाइल करून, चालवताना प्रोसेसर पाहून त्यांतली योग्य ती निवडणारी छोटी स्क्रिप्ट सोबत दिली जाते. एस३९० मध्ये बाइटांचा क्रम उलटा असल्यामुळे बायनरी फाइल वाचण्यातील दडलेले दोष तिथल्या चाचण्यांत उघडे पडतात. तिथे जीनोम जुळवणारा कोणी असेलच असे नाही, तरी या तपासणीने मूळ कोड सुधारतो हे मान्य करावे लागते.

प्रत्येक पॅकेजसोबत मूळ शोधनिबंधाचा संदर्भ आणि जैवसाधनांच्या नोंदवह्यांतील क्रमांक एका ठरावीक फाइलमध्ये ठेवण्याची पद्धतही या गटाने रुजवली. श्रेय मिळाले नाही तर संशोधक कोड सांभाळणार नाहीत, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, ५ ते ११ तारखांदरम्यान झालेल्या ऑनलाइन बायोहॅकेथॉनमध्ये (एकत्र येऊन कोड लिहिण्याच्या उपक्रमात) भाग घेऊन गटाने विषाणूच्या संशोधनाला लागणाऱ्या साधनांचे राहिलेले पॅकेजिंग हाती घेतले होते.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि तोवर आतील साधने गोठलेली राहतात. शिवाय एका यंत्रावर एका साधनाची एकच आवृत्ती, हा नियम. पाच वर्षांपूर्वीचे विश्लेषण पुन्हा करू पाहणाऱ्याला तो अडचणीचा ठरतो.

ब्रिटनमधील पर्यावरण-जीनोम संशोधकांसाठी तयार झालेले बायो-लिनक्स हे स्वतंत्र वितरणही एके काळी लोकप्रिय होते. २०१४ ची त्याची आठवी आवृत्ती उबुंटू १४.०४ वर आधारलेली होती.

बायोकोंडा : कोंडा हे पॅकेज-व्यवस्थापक साधन २०१२ मध्ये पायथनच्या वैज्ञानिक वापरकर्त्यांसाठी निघाले. ते प्रत्येक कामासाठी वेगळे ‘एन्व्हायर्नमेंट’ तयार करते, भाषेचे बंधन पाळत नाही आणि मुख्य म्हणजे प्रशासकाचे अधिकार मागत नाही. विद्यापीठाच्या क्लस्टरवर ‘रूट’चा पासवर्ड कोणालाच मिळत नसल्यामुळे, संशोधकांच्या दृष्टीने हा शेवटचा गुण निर्णायक ठरला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या बायोकोंडा या कोंडा-वाहिनीत (कोंडाच्या पॅकेजांच्या सार्वजनिक संग्रहात) योहानेस क्योस्टर, ब्यॉर्न ग्रुनिंग आणि इतरांनी याच सोयीवर भर दिला. २०१८ मध्ये नेचर मेथड्स या नियतकालिकात प्रकल्पाचा निबंध आला, तेव्हा वाहिनीत ३,००० हून अधिक पॅकेजे जमली होती.

बायोकोंडात नवे साधन आणण्यासाठी एक ‘रेसिपी’ लिहावी लागते. तिच्यात सोर्स कोडचा पत्ता, त्याची शा-२५६ बेरीज (फाइल तीच आहे हे ताडून पाहण्याचा आकडा), कंपाइल करताना आणि चालवताना लागणाऱ्या पॅकेजांची यादी, आणि निदान एक चाचणी एवढे असावे लागते. रेसिपी गिटहबवर सादर झाली, की स्वयंचलित यंत्रणा ती बांधून पाहते आणि जवळजवळ रिकाम्या कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून अलग ठेवलेल्या परिसरात) चाचणी चालवते. लेखकाच्या संगणकावर योगायोगाने असलेली एखादी लायब्ररी यादीत नोंदवायची राहून गेली असेल, तर ती चूक तिथे पकडली जाते. त्यानंतर दुसरा स्वयंसेवक नजर टाकून मान्यता देतो. डेबियनच्या तुलनेत ही छाननी हलकी आहे. परवाना पुनर्वितरणाला मुभा देणारा असला म्हणजे पुरते, आणि चाचणी अनेकदा मदतीचा मजकूर छापून पाहण्यापलीकडे जात नाही. या हलकेपणामुळेच नवी आवृत्ती काही दिवसांत उपलब्ध होते.

त्याची किंमतही वापरकर्त्यांनी मोजली आहे. सॅमटूल्स बसवले आणि पहिल्याच आज्ञेला ‘लिबक्रिप्टो १.०.० ही लायब्ररी सापडत नाही’ असा संदेश आला, ही तक्रार एके काळी नित्याची होती. ही लायब्ररी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरचा भाग आहे. त्याची जुनी आवृत्ती धरून बांधलेले सॅमटूल्स आणि नवे ओपनएसएसएल एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये आले, की हे घडे. आणि त्याचे कारण बहुधा वाहिन्यांचा चुकलेला क्रम हे असे. कोंडा-फोर्ज ही सर्वसाधारण पॅकेजांची वाहिनी वर, बायोकोंडा त्याखाली आणि अग्रक्रम ‘स्ट्रिक्ट’ (काटेकोर), ही मांडणी म्हणूनच सूचनापत्रात ठळकपणे दिलेली असते. परस्परसुसंगत आवृत्त्या शोधण्यात कोंडा पूर्वी तासन्‌तास घेई. २०२३ मधील २३.१० या आवृत्तीपासून लिबमांबा हा वेगवान सॉल्व्हर (सुसंगत आवृत्त्या शोधणारा भाग) आपोआप वापरला जाऊ लागला आणि ही तक्रार बरीच निवळली. त्या सॉल्व्हरचा गाभा, लिबसॉल्व्ह, मुळात सुसे लिनक्सच्या पॅकेज-व्यवस्थेसाठी लिहिला गेला होता.

कंटेनर आणि क्लस्टर : २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रोग्रॅम त्याच्या संपूर्ण परिसरासह एका प्रतिमेत गोठवता येऊ लागला. बायोकोंडाच्या प्रत्येक पॅकेजपासून बायोकंटेनर्स प्रकल्पात अशी प्रतिमा आपोआप तयार होते. एका रेसिपीत दोन्हींची सोय होते. डॉकरला सहसा रूटचे अधिकार लागतात, म्हणून सामायिक क्लस्टरचे प्रशासक ते चालवू देत नाहीत. त्याऐवजी लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत जन्मलेले सिंग्युलॅरिटी हे कंटेनर-साधन वापरले जाते. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेल्यावर त्या प्रकल्पाने ॲपटेनर हे नाव घेतले. स्नेकमेक आणि नेक्स्टफ्लो या कार्यप्रवाह-साधनांत प्रत्येक पायरीसाठी कोंडाचे एन्व्हायर्नमेंट किंवा कंटेनर नेमता येतो, त्यामुळे आज अनेक संशोधक पॅकेज स्वतः बसवतही नाहीत.

महासंगणकांवर मात्र जुनी ‘मॉड्यूल’ पद्धत टिकून आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील परम ब्रह्म या यंत्रावरही साधने ‘मॉड्यूल’ आज्ञेने आवृत्तीनुसार जोडून घ्यावी लागतात. अशा ठिकाणी स्पॅक किंवा ईझीबिल्ड या पॅकेज बांधणाऱ्या व्यवस्था वापरून साधने तिथल्याच प्रोसेसरसाठी कंपाइल करता येतात, आणि लेखकाच्या यंत्रावर केलेला जो प्रकार वर दोष ठरला, तोच इथे एकसारख्या नोडांमुळे गुण ठरतो. पुनरुत्पादनक्षमतेचा सर्वांत काटेकोर आग्रह निक्स आणि ग्विक्स या व्यवस्थांत दिसतो. तिथे प्रत्येक पॅकेजचा पत्ता त्याच्या सर्व घटकांवरून ठरतो, त्यामुळे परस्परविरोधी आवृत्त्याही शेजारी शेजारी नांदतात. बर्लिनच्या माक्स डेलब्र्युक केंद्रातील पिग्एक्स हे जीनोम-विश्लेषणाचे कार्यप्रवाह ग्विक्सवर उभे आहेत.

संदर्भ-माहिती : वरीलपैकी कोणतीच व्यवस्था माहितीचे मोठे साठे नीट हाताळत नाही. सारखे अनुक्रम शोधणाऱ्या ब्लास्टचा प्रोग्रॅम त्या मानाने लहान असतो, तर तो ज्यात शोध घेतो त्या न्यूक्लिओटाइड-संग्रहाला शेकडो गिगाबाइट लागतात आणि तो सतत बदलत राहतो. असा संग्रह पॅकेजमध्ये घालता येत नाही. त्यामुळे पॅकेजसोबत फक्त डाउनलोड करणारी स्क्रिप्ट येते. बायोकोंडातून क्रोना हे जीवांच्या वर्गीकरणाचे आलेख काढणारे साधन बसवले, की वर्गीकरणाचा साठा अमुक स्क्रिप्टने स्वतः अद्ययावत करा अशी सूचना पडद्यावर उमटते आणि ती न पाळणाऱ्याचे वर्गीकरणावर आधारलेले अहवाल तयार होत नाहीत. साठा कोणत्या तारखेचा होता ही नोंद पॅकेज-व्यवस्थापक ठेवत नाही. ती विश्लेषण करणाऱ्यालाच करून ठेवावी लागते.