२१४७४८३६४७ ह्या आकड्यामागची गोष्ट

प्रोग्रामिंग केलेला माणूस २१४७४८३६४७ बघितलं की लगेच ओळखतो, ३२ बिट इंटीजरची (कॉम्प्युटर ३२ शून्य-एकच्या जागांत, अधिक-उणे चिन्हासकट, ठेवतो त्या पूर्णांकाची) वरची हद्द. पण कॉम्प्युटरचा पत्ता नव्हता तेव्हापासून गणितवाले ह्या आकड्याच्या मागे लागलेत, आणि त्यांचा प्रश्न एकच होता, हा मूळ संख्या आहे का नाही?

२ चा ३१ वा घात वजा १ म्हणजे हा आकडा. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या आली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते अशी संख्या, बनते हे युक्लिडपासून माहीत होतं (७ वरून २८, आणि १+२+४+७+१४ बरोबर २८च), त्यामुळे असे घात शोधायचा नाद लोकांना होताच. इटलीच्या गणितज्ञ काताल्दीनं १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घात नीट तपासले, पण मग पुढे २३, २९, ३१, ३७ पण चालतात असं ठोकून दिलं. फर्मा ह्या गणितज्ञानं १६४० मध्ये २३ आणि ३७ चूक ठरवून उडवले, २९ नंतर ऑयलर ह्या गणितज्ञानं उडवला, म्हणजे चारातला ३१ तेवढा शिल्लक. अशा घातांची यादी मर्सेन ह्या गणितज्ञानं १६४४ मध्ये दिली, तिच्यातही ३१ आहे, पण पुरावा तिथेही नाही.

पुरावा १७७२ मध्ये ऑयलरनं दिला, बर्नुली नावाच्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात, आणि तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. विभाजक शोधायला वर्गमूळापर्यंतच बघावं लागतं, ह्या आकड्याचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं वर, तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेचार हजारांहून जास्त, सगळ्यांनी भागत बसायचं म्हणजे जन्म जायचा. पण ह्याचा कुठलाही मूळ विभाजक असेल तर त्याला ६२ नं भागून बाकी १ च यायला हवी, आणि ८ नं भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणाऱ्याच मूळ संख्या उरतात, साधारण ८०-८५. त्यातल्या एकानंही भाग जात नाही, विषय संपला. मला विचाराल तर निकालापेक्षा ही चाळणीच भारी आहे.

ह्यावरून बनणारी परिपूर्ण संख्या १९ अंकी. १८११ मध्ये गणितज्ञ पीटर बार्लोनं लिहून टाकलं की ह्याहून मोठी कुणी शोधणार नाही, उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल, कोण एवढे कष्ट घेणार! पण १८७६ मध्ये गणितज्ञ ल्युकानं घात १२७ वाला ३९ अंकी आकडा मूळ ठरवला, तोही हातानं.

आता कॉम्प्युटर. एक बिट चिन्हाला गेला की ३१ उरतात, सगळे १ केले की हाच आकडा. १९७० पासूनचे सेकंद असे मोजणारी सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला अडकणार ती ह्यामुळेच, पण इथे आकडा मूळ असणं हा निव्वळ योगायोग, लोक उगाच दोन्ही गोष्टी जोडतात. मूळ असण्याचा खरा फायदा रँडम नंबर काढताना झाला. १९६९ मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी एक पद्धत आली, आधीच्या आकड्याला १६८०७ नं गुणायचं, २१४७४८३६४७ नं भागायचं, बाकी हा पुढचा आकडा. १६८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचे सगळे आकडे एकेकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही.