कृष्णवर्णीय मुलं आणि एडीएचडी: शिक्का नव्हे, निदानच राहून जातं

‘अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांवर ऊठसूट एडीएचडीचा (लक्ष टिकवणं आणि चळवळ आवरणं अवघड जाण्याच्या विकाराचा) शिक्का मारतात’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हजारो मुलांच्या बालवाडी ते आठवीपर्यंतच्या नोंदी तपासल्या होत्या. वागणूक, अभ्यास, घरची परिस्थिती हे सगळं जमेस धरूनही गोऱ्या मुलांच्या तुलनेत निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांमध्ये ६९ टक्क्यांनी कमी निघाली, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, मुलांमध्ये ५० टक्क्यांनी.

मग समज आला कुठून? त्यामागे खरी जखम आहे. कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक चाचण्यांच्या जोरावर कृष्णवर्णीय मुलांना ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं जाई. १९७९ मध्ये ‘लॅरी पी.’ खटल्यात न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. आईवडील आजही बिचकतात, यात त्यांचा दोष मुळीच नाही.

पण निदान टळलं म्हणून त्रास टळत नाही. मूल चार गणितं सोडवतं आणि पाचव्याला खिडकीबाहेर बघत बसतं, मध्येच बोलतं, वही घरी विसरतं. निदान झालं असेल तर परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, पुढचा बाक मिळू शकतो. नसेल तर वाट्याला येतो ‘उद्धट’ हा शेरा, कधी थेट निलंबन. कृष्णवर्णीय मुलांचं निलंबन जास्त होतं, हे तिथल्या सरकारी आकडेवारीतच दिसतं.

पालकांनी सार्वजनिक शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करावी. तपासणी मोफत असते आणि शाळेने नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांनाही हाच कायदा लागू आहे.