भुसा झाडला, धूळ कुठे गेली?

काम आटोपलं की मी सुतारकामाच्या खोलीतला दिवा मालवतो आणि विजेरी आडवी धरतो. फरशी साफ झालेली असते, भुशाचं पोतं बांधून झालेलं असतं. तरीही त्या झोतात धूर कोंडल्यासारखी धूळ तरंगत असते. तीही यंत्र बंद होऊन तास उलटल्यावर.

ही तपासणी जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रकाशाच्या झोतात हवेतली धूळ दाखवली होती. त्याच झोतात त्यांनी उच्छ्वासही सोडून पाहिला. श्वास संपत आला तसा झोतात काळा डाग पडला, कारण फुप्फुसाच्या तळातून आलेल्या त्या हवेत प्रकाश विखुरायला धूळच उरली नव्हती. ती आत राहिली होती.

रंध्याचे ढलपे पायाशीच पडतात, करवतीचा जाडा भुसाही लगेच खाली बसतो. खरा त्रास पॉलिशपेपरच्या मशीनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण शांत हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सात-आठ मिनिटं घेतो, तर १ मायक्रॉनचा कण जवळजवळ १२ तास. वर पंखा फिरत असेल तर तो खाली बसणं विसराच.

इंग्लंडमधलं हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक विरळा कर्करोग पुन्हापुन्हा दिसतोय, हे एस्मी हॅडफिल्ड आणि रोनाल्ड मॅकबेथ या डॉक्टरांनी हेरलं. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकली. ते कामगार वर्षानुवर्षं, दिवसभर त्या धुळीत होते. सुट्टीत दोन तास रमणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण आपली खोली दहा बाय बाराची असते, हे विसरू नये.

म्हणून धूळ उडते तिथेच व्हॅक्यूमच्या पाइपने पकडायची. यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. फुंकणीने हातभर लांबचा निखारा फुलतो, पण त्याच फुंकणीतून हवा ओढली तर तिथली राखही हलत नाही. फुंकलेली हवा सरळ धावते, ओढलेली मात्र चहूबाजूंनी गोळा होते. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं दूर गेलं की ओढ जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. चार इंची पाइप चार इंच लांब ठेवला, तर निम्मी नव्हे, जवळजवळ सगळीच ओढ गेली. मोटर मोठी घेण्याआधी पाइपचं तोंड पात्याच्या अगदी जवळ आणा.

माझ्या पहिल्या व्हॅक्यूमची कापडी पिशवी भुसा धरून ठेवायची आणि बारीक धूळ पाठीमागून खोलीत परत सोडायची. आता यंत्र आणि व्हॅक्यूम यांच्या मध्ये झाकणाच्या बादलीवर बसवलेला सायक्लोन आहे. त्यात हवा गरगरते, जड भुसा भिंतीला आपटून बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. सर्वांत बारीक धूळ मात्र सायक्लोनमधूनही निसटते, त्यामुळे पुढे चांगला फिल्टर हवाच.

उरलेल्या धुळीसाठी एक्झॉस्ट फॅन. १२०० घनफुटांच्या खोलीतून मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर गेली, तर हिशेबाने सहा मिनिटांत धूळ पाच टक्क्यांवर यावी. कोपऱ्यांतली हवा नीट मिसळत नाही, म्हणून मी वीस मिनिटं धरतो. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता घरघरतो. वारा अंगाच्या बाजूने जाऊ द्यावा. पाठीवर घेतला तर छातीपुढे भोवरा होतो आणि धूळ तोंडावरच येते.

मास्क विजेरीचा झोत निवळेपर्यंत चढवलेलाच असतो. आणि केरसुणी मी त्या खोलीतून काढून टाकली आहे. बसलेली धूळ ती पुन्हा उडवते. तिच्या जागी आता ओलं फडकं आहे.